प्रायोगिक संमीलन अणुभट्ट्यांतील उष्णतेचे गणित: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संमीलन अणुभट्टीविषयी, म्हणजे हलकी अणुकेंद्रके एकत्र जुळवून ऊर्जा मिळवणाऱ्या यंत्राविषयी, बोलताना बहुतेकांचे लक्ष १५ कोटी अंशांच्या तापमानाकडे जाते. ज्यांना ही यंत्रे बांधायची असतात, त्यांचा जीव मात्र निराळ्याच आकड्यांत अडकलेला असतो: १ मिलिमीटर जाडीचा एक थर, ३ अंशांचा एक कोन आणि ७० अंशांचे पाणी. पुढील प्रश्नोत्तरांतील उदाहरणे मुख्यतः दक्षिण फ्रान्समधील कादाराश येथे उभारल्या जात असलेल्या ईटर या टोकामॅकची, म्हणजे प्लाझ्मा (अतितप्त, विद्युत्भारित वायू) चुंबकीय क्षेत्राने धरून ठेवणाऱ्या कड्याच्या आकाराच्या यंत्राची, आहेत. भारतासह ७ भागीदारांचा हा प्रकल्प आहे आणि उष्णतेच्या बाबतीत इतका बारकाईने अभ्यासलेला दुसरा आराखडा क्वचितच सापडेल.

औष्णिक प्रतिमान म्हणजे नेमके काय, आणि ते कशासाठी लागते?

यंत्राच्या प्रत्येक भागात किती उष्णता शिरते, ती कोणत्या वाटेने जाते, कुठे साठते आणि शेवटी कुठून बाहेर पडते, हे समीकरणांत मांडून संगणकावर सोडवणे म्हणजे औष्णिक प्रतिमान. त्यातून प्रत्येक बिंदूचे तापमान काळानुसार मिळते. तापमानावरून धातूचे प्रसरण, प्रसरणावरून ताण आणि ताणाच्या आवर्तनांवरून तो भाग किती काळ टिकेल याचा अंदाज बांधता येतो.

इतर यंत्रांत हे काम काही अंशी अनुभवावर भागते. एखादा भाग जळला, तर तो बदलून पुढच्या वेळी जाड करता येतो. ईटरमध्ये ड्युटेरियम आणि ट्रिटियम या हायड्रोजनच्या जड रूपांचे संमीलन सुरू झाले की आतील भाग किरणोत्सारी होतील, माणसाला आत जाता येणार नाही आणि प्रत्येक दुरुस्ती दूरनियंत्रित यंत्रहातांनी करावी लागेल. त्यामुळे चूक आधी संगणकावर झालेली परवडते.

प्लाझ्मा १५ कोटी अंशांचा असताना भिंत वितळत कशी नाही?

तापमान आणि उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिवाळीतल्या फुलबाजीच्या ठिणग्या हजार अंशांहून अधिक तापलेल्या असतात, तरी हातावर पडल्या तर क्वचितच भाजते, कारण ठिणगीचे वस्तुमान नगण्य असते. ईटरच्या सुमारे ८४० घनमीटर प्लाझ्मात प्रत्यक्ष जळणारे इंधन एका वेळी १ ग्रॅमपेक्षाही कमी असेल. त्यात साठलेली औष्णिक ऊर्जा सुमारे ३५० मेगाज्यूल, म्हणजे साधारण १० लिटर पेट्रोलमध्ये असते तेवढी. शिवाय चुंबकीय क्षेत्र हा विद्युत्भारित वायू भिंतीपासून दूर धरून ठेवते.

यावरून काळजीचे कारण नाही असे मात्र ठरत नाही. हीच ऊर्जा प्लाझ्मा अचानक कोसळल्यावर काही मिलिसेकंदांत भिंतीवर ओतली गेली, तर १० लिटर पेट्रोलचा दाखला मुळीच दिलासादायक राहत नाही.

५०० मेगावॅट संमीलन शक्तीपैकी भिंतीवर किती येते?

ड्युटेरियम व ट्रिटियम यांच्या प्रत्येक संमीलनातून १४.१ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा एक न्यूट्रॉन आणि ३.५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे एक हेलियम केंद्रक मिळते. म्हणजे ८० टक्के ऊर्जा न्यूट्रॉनकडे जाते. न्यूट्रॉनवर विद्युत्भार नसल्याने चुंबकीय क्षेत्र त्याला अडवू शकत नाही. ५०० मेगावॅटपैकी ४०० मेगावॅट असे थेट भिंतीच्या आत खोलवर शिरतात आणि मोठ्या घनफळात विखुरले जातात.

उरलेले १०० मेगावॅट हेलियम केंद्रकांबरोबर प्लाझ्मातच राहतात. त्यांत बाहेरून तापवण्यासाठी दिलेले ५० मेगावॅट मिळवले की १५० मेगावॅट होतात. प्लाझ्मा स्थिर ठेवायचा, तर एवढी शक्ती त्यातून सतत बाहेर पडत राहिली पाहिजे. तिचा सुमारे एक तृतीयांश भाग प्रारणाच्या रूपाने भिंतीवर सर्वदूर पडतो. तो निरुपद्रवी म्हणावा लागेल. राहिलेले साधारण १०० मेगावॅट कणांबरोबर प्लाझ्माच्या काठावरून बाहेर झिरपतात आणि चुंबकीय रेषांच्या बाजूने वाहत तळाशी असलेल्या डायव्हर्टर नावाच्या भागावर आदळतात. औष्णिक प्रतिमानांची खरी कसोटी या १०० मेगावॅटांवर लागते.

१०० मेगावॅट हे एखाद्या साध्या वीजकेंद्रापेक्षाही कमी नाही का?

कमीच आहे. प्रश्न एकूण शक्तीचा नसून ती किती क्षेत्रफळावर पडते याचा आहे.

चुंबकीय रेषेच्या दिशेने उष्णता अतिशय वेगाने धावते आणि आडव्या दिशेने अगदी सावकाश सरकते. काठावरून बाहेर पडलेली उष्णता फार दूर पसरण्याआधीच डायव्हर्टरवर पोहोचते; म्हणून तिचा थर पातळ राहतो. जेट, एएसडीईएक्स अपग्रेड, डीथ्री-डी यांच्यासह ६ टोकामॅकमधील मोजमापांवरून २०१३ मध्ये जो अनुभवजन्य नियम मांडला गेला, त्यानुसार ईटरमध्ये या थराची जाडी यंत्राच्या बाहेरच्या कडेला सुमारे १ मिलिमीटर निघते. मध्य अक्षापासून ८.२ मीटर अंतरावर १ मिलिमीटर रुंदीचे कडे कल्पून पाहावे. त्याचे क्षेत्रफळ ०.०५ चौरस मीटर भरते, म्हणजे साध्या पाटाहूनही कमी. त्यातून १०० मेगावॅट जाऊ द्यायचे, तर उष्णताभार दर चौरस मीटरला २,००० मेगावॅट होतो. सूर्याच्या पृष्ठभागावरून दर चौरस मीटरला सुमारे ६३ मेगावॅट बाहेर पडतात.

डायव्हर्टरजवळ चुंबकीय रेषा फाकवून आणि मारा झेलणारे लक्ष्यपट्ट तिरपे ठेवून हा भार कितीतरी पट मोठ्या क्षेत्रावर पसरवला जातो. तरीही उष्णता प्रत्यक्ष झेलणारे क्षेत्र काही चौरस मीटरांच्या आतच राहते. डायव्हर्टर सातत्याने पेलू शकेल असा भार मात्र दर चौरस मीटरला १० मेगावॅट इतकाच ठरवलेला आहे. अल्पकाळासाठी २० मेगावॅट चालतात. भर उन्हाळ्यात चंद्रपूरच्या माळावर दुपारी बाराला दर चौरस मीटरला सुमारे १ किलोवॅट ऊन पडते. हा भार त्याच्या १०,००० पट आहे.

थराची जाडी १ मिलिमीटरच असेल याची खात्री आहे का?

नाही, आणि या विषयातला सर्वांत महत्त्वाचा मतभेद हाच आहे. वरील नियम लहान यंत्रांवरून मोठ्या यंत्राकडे केलेला विस्तार आहे. काठावरील खळबळीचे मूलभूत समीकरणांपासून अनुकरण करणाऱ्या महासंगणकी गणनेने २०१७ मध्ये ईटरसाठी ५ ते ६ मिलिमीटरांच्या आसपासचे उत्तर दिले. त्या गणनेनुसार आजच्या यंत्रांत न दिसणारी एक प्रकारची खळबळ ईटरच्या आकारमानाला उष्णता आडवी पसरवते. कोणते उत्तर बरोबर, हे यंत्र चालू झाल्यावरच कळेल. आराखडा करणाऱ्यांनी १ मिलिमीटर धरून चालावे हेच शहाणपणाचे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. अंदाजापेक्षा भार कमी निघाला, तर कुणाची तक्रार असणार नाही.

प्लाझ्मातील आणि धातूतील उष्णतेसाठी वेगवेगळी प्रतिमाने का लागतात?

धातूतील उष्णतावहनाचे समीकरण फूरिए याने १८२२ मध्ये ग्रंथरूपाने मांडले आणि ते आजही जसेच्या तसे वापरले जाते. तापमानातील उतार गुणिले धातूची वाहकता म्हणजे उष्णताभार. टंगस्टनची वाहकता तापमानानुसार बदलते, पण फार नाही. ती प्रयोगशाळेत मोजता येते आणि तक्त्यात पाहता येते.

प्लाझ्मामध्ये चुंबकीय रेषेच्या दिशेची वाहकता तापमानाच्या अडीचव्या घातानुसार वाढते. याचा परिणाम मोठा गमतीचा आहे. रेषेवरून वाहणारी शक्ती १० पट केली, तरी रेषेच्या डायव्हर्टरपासून दूरच्या टोकाचे तापमान जेमतेम दुप्पट होते, कारण प्लाझ्मा जितका तापेल तितका तो उष्णता अधिक सहज वाहून नेतो. आडव्या दिशेचे वहन याच्या तुलनेत कोट्यवधी पटींनी कमी असते आणि ते साध्या टकरींतून नव्हे, तर खळबळीतून होते.

प्लाझ्माच्या काठाच्या या प्रदेशासाठी सोल्प्स-ईटर ही संगणकप्रणाली सर्वाधिक वापरली जाते. तिच्यात विद्युत्भारित कणांसाठी द्रवासारखी समीकरणे सोडवली जातात आणि उदासीन अणूंचा माग मॉन्टे कार्लो पद्धतीने, म्हणजे यादृच्छिक संख्यांच्या आधारे एकेका कणाचा प्रवास आखून काढला जातो. आडव्या वहनाचा गुणांक मात्र बहुतेक वेळा प्रयोगाशी जुळेल असा निवडला जातो. सेकंदाला १ चौरस मीटरच्या आसपासचे मूल्य नेहमी पाहायला मिळते. असा निवडलेला गुणांक हे स्पष्टीकरण नव्हे, ही गोष्ट नवख्या विद्यार्थ्याने आरंभीच समजून घ्यावी.

डायव्हर्टरचे ठोकळे कसे असतात?

ईटरच्या डायव्हर्टरचे ५४ भाग असून त्यांवर टंगस्टनचे लाखांच्या घरात ठोकळे माळेसारखे ओवलेले असतील. एक ठोकळा साधारण २८ मिलिमीटर रुंद आणि १२ मिलिमीटर जाड असतो. त्याच्या मधल्या छिद्रातून तांबे, क्रोमियम आणि झिर्कोनियम यांच्या मिश्रधातूची नळी जाते. तिचा आतील व्यास १२ मिलिमीटर आणि बाहेरील १५ मिलिमीटर. टंगस्टन आणि नळी यांच्यामध्ये शुद्ध, मऊ तांब्याचा १ मिलिमीटरचा थर असतो. टंगस्टन तापल्यावर तांब्याच्या मानाने फारच कमी प्रसरण पावते. हा मऊ थर दोघांमधली ओढाताण सोसतो.

टंगस्टनची निवड होण्यामागे त्याचा ३,४२२ अंशांचा वितळणबिंदू आहे, हे खरे; पण तेवढेच कारण नाही. प्लाझ्माच्या माऱ्याने ते फारसे झिजत नाही आणि ट्रिटियम अंगात फारसे मुरवून घेत नाही. कार्बन याच दुसऱ्या कारणासाठी मागे पडला. ईटरची बाकीची भिंत पूर्वी बेरिलियमची होणार होती; २०२४ मध्ये जाहीर झालेल्या नव्या आराखड्यात तीही टंगस्टनची करण्यात आली. खोलीच्या तापमानाला टंगस्टन ठिसूळ असते आणि साधारण १,२०० ते १,३०० अंशांच्या पुढे दीर्घकाळ राहिले, तर त्याची स्फटिकरचना बदलून ते दुबळे होते. अर्थात प्रतिमानाला ठोकळा वितळतो की नाही, एवढेच पाहून भागत नाही.

ठोकळ्याच्या पृष्ठभागाचे तापमान हाताने काढता येईल का?

अंदाज नक्की येतो. पृष्ठभागापासून तांब्याच्या थरापर्यंत टंगस्टनची जाडी ६ मिलिमीटर धरावी आणि त्या तापमानाला वाहकता दर मीटर दर अंशाला ११० वॅट. दर चौरस मीटरला १० मेगावॅट भार असेल, तर भार गुणिले जाडी भागिले वाहकता या सूत्राने टंगस्टनच्या दोन बाजूंमधील फरक सुमारे ५४५ अंश येतो. त्याखाली तांबे, नळीची भिंत आणि पाण्यालगतचा थर यांचे फरक मिळवून, पाणी ७० अंशांनी आत येते हे धरले, की पृष्ठभाग १,००० अंशांच्या आसपास पोहोचतो. भार दुप्पट केला की तो २,००० अंशांच्या जवळ जातो.

अनेकांची चूक इथेच होते. खोलीच्या तापमानाला टंगस्टनची वाहकता सुमारे १७३ असते. तोच आकडा वापरला, तर फरक ५४५ ऐवजी ३४७ अंश निघतो आणि ठोकळा प्रत्यक्षाहून २०० अंशांनी थंड असल्याचा भास होतो. न्यूट्रॉनच्या माऱ्याने स्फटिकात दोष निर्माण होऊन वाहकता आणखी घटते, हेही हिशोबात धरावे लागते.

संगणकावर हेच गणित तीन मितींत करतात, कारण वरून सपाट येणारी उष्णता गोल नळीत शिरताना वळते. नळीच्या वरच्या भागाला सर्वाधिक भार सोसावा लागतो, खालचा भाग जवळजवळ निवांत असतो. फायनाइट एलिमेंट पद्धतीने, म्हणजे ठोकळ्याचे हजारो लहान तुकडे पाडून प्रत्येकासाठी समीकरण सोडवल्यावर ही विषमता स्पष्ट दिसते.

एवढी उष्णता पाणी कशी वाहून नेते? ते उकळत नाही का?

पाण्याचा दाब सुमारे ४ मेगापास्कल, म्हणजे वातावरणीय दाबाच्या जवळजवळ ४० पट ठेवला जातो. या दाबाला पाणी २५० अंशांना उकळते. नळीतून ते सेकंदाला सुमारे १० मीटर वेगाने वाहते. १२ मिलिमीटरच्या नळीत हा प्रवाह सेकंदाला साधारण १.१ किलोग्रॅम भरतो. नळीच्या १० सेंटिमीटर लांबीवर पूर्ण १० मेगावॅटचा भार असला, तर पाण्यात २८ किलोवॅट शिरतात आणि त्याचे तापमान अवघे ६ अंशांनी वाढते. पाण्याच्या दृष्टीने हे काहीच नाही.

अडचण येते ती नळीच्या आतल्या पृष्ठभागावर. तिथले पाणी स्थानिक पातळीवर उकळू लागते, बुडबुडे सुटतात आणि लगेच थंड प्रवाहात विरतात. हे उकळणे उपकारकच असते, कारण त्याने उष्णतेची देवाणघेवाण वाढते. मात्र भार एका मर्यादेपलीकडे गेला की बुडबुडे एकमेकांत मिसळून वाफेचा अखंड पडदा तयार होतो. तवा तापला का हे पाहण्यासाठी पाण्याचा शिंतोडा मारावा आणि थेंब चर्र करून आटण्याऐवजी तव्यावर नाचत राहावेत, तसाच हा प्रकार. थेंबाखालची वाफ त्याला तव्यापासून तोडते. नळीत असे झाले, तर क्षणार्धात तिचे तापमान चढते आणि ती फुटू शकते.

ही वेळ येऊ नये म्हणून नळीत पिळलेली पट्टी बसवतात. तिच्यामुळे पाणी गोल फिरत पुढे जाते, वाफेहून जड असलेले पाणी भिंतीकडे फेकले जाते आणि वाफ मध्याकडे ढकलली जाते. प्रतिमानात या सगळ्यासाठी प्रयोगांवरून बसवलेली सूत्रे वापरतात: साध्या प्रवाहासाठी एक, उकळण्यासाठी दुसरे, वाफेच्या पडद्याच्या मर्यादेसाठी तिसरे. नळीच्या मिश्रधातूचे तापमान दीर्घकाळ ३५० अंशांच्या वर राहू नये, अशी आणखी एक अट असते, कारण त्यापुढे त्याची मजबुती ओसरते. टंगस्टन २,००० अंशांना टिकून आहे आणि त्याच्या पोटातील नळी ३५० अंशांना कुरकुरते आहे, असे हे बेमेल कुटुंब आहे.

३ अंशांच्या कोनाला इतके महत्त्व का?

चुंबकीय रेषा डायव्हर्टरच्या पृष्ठभागाला सुमारे ३ अंशांनी, म्हणजे जवळजवळ घासून जातात. संध्याकाळचे तिरपे ऊन जसे अंगणभर पसरते, तसा रेषेवरील भार मोठ्या क्षेत्रावर विरळ होतो. पृष्ठभागावर १० मेगावॅट असतील, तर रेषेच्या दिशेने तोच भार सुमारे १९० मेगावॅट असतो. आता एखादा ठोकळा शेजाऱ्यापेक्षा केसभर वर आला, तर त्याची उघडी पडलेली उभी कड या १९० मेगावॅटना समोरासमोर सामोरी जाते. जोडणीतील तफावत ०.३ मिलिमीटरच्या मर्यादेत ठेवली, तरी एवढी कड जळायला पुरेशी असते.

उपाय म्हणून प्रत्येक ठोकळ्याचा माथा रेषेच्या दिशेने ०.५ मिलिमीटर उतरता घासतात. त्यामुळे पुढच्या ठोकळ्याची कड मागच्याच्या सावलीत लपते. पण त्याची किंमत मोजावी लागते. २८ मिलिमीटर रुंदीवर ०.५ मिलिमीटर उतार म्हणजे १ अंश. ३ चे ४ अंश झाले की माथ्यावरील भार १० वरून १३ मेगावॅटच्या वर जातो.

इंग्लंडमधील कलम येथील जेट यंत्रात २०१३ मध्ये टंगस्टनची एक पट्टी मुद्दाम वर उचलून बसवण्यात आली आणि तिची कड प्लाझ्माच्या माऱ्याने वितळू दिली गेली. वितळलेला धातू प्लाझ्माच्या दाबाने ढकलला जाण्यापेक्षा विद्युतप्रवाह आणि चुंबकीय क्षेत्र यांच्या बलाने सरकला. तापलेल्या टंगस्टनमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, त्यांची जागा भरण्यासाठी धातूतून प्रवाह वाहतो आणि त्या प्रवाहावर चुंबकीय बल लागते. वितळलेल्या धातूच्या हालचालीची प्रतिमाने तेव्हापासून या मोजमापांवर पारखून घेतली जातात.

क्षणिक झोतांचे गणित वेगळे असते का?

हो. उच्च कार्यक्षमतेच्या स्थितीत प्लाझ्माच्या काठावर वारंवार स्फोटक अस्थिरता उद्भवतात आणि प्रत्येक वेळी अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास ऊर्जेचा झोत डायव्हर्टरवर आदळतो. एवढ्या वेळात उष्णता टंगस्टनमध्ये ०.१४ मिलिमीटरच्या आसपासच शिरू शकते. मागे पाणी कितीही थंड असो, पृष्ठभागाला त्याची खबर लागत नाही. ६ मिलिमीटर जाडी पार करायला उष्णतेला सेकंदाच्या घरात वेळ लागतो.

म्हणून इथे ठोकळा अनंत जाड समजून केलेले जुने सूत्र वापरता येते. त्यानुसार पृष्ठभागाची तापमानवाढ भार गुणिले वेळेचे वर्गमूळ या गुणाकाराच्या प्रमाणात असते. उदाहरणादाखल, दर चौरस मीटरला १ मेगाज्यूल ऊर्जा ०.५ मिलिसेकंदात पडली, तर टंगस्टन जवळजवळ २,९०० अंशांनी तापते. ते आधीच १,००० अंशांवर असेल, तर वितळणबिंदू ओलांडला गेला. यापेक्षा कितीतरी सौम्य झोतांनीही हजारो आवर्तनांनंतर पृष्ठभागाला भेगा पडतात. या गणनेसाठी पृष्ठभागालगतची जाळी, म्हणजे गणनेसाठी पाडलेले तुकडे, काही मायक्रोमीटरांची घ्यावी लागते. मिलिमीटरच्या जाळीवर केलेली गणना देखणे चित्र देते आणि चुकीचे उत्तर.

भार कमीच का करत नाहीत?

तोच मुख्य उपाय आहे. डायव्हर्टरजवळ निऑन किंवा नायट्रोजनसारखा वायू थोडा सोडला की त्याचे अणू प्लाझ्माची ऊर्जा शोषून प्रकाशाच्या रूपाने सर्व दिशांना उधळतात. काठावरून आलेल्या शक्तीपैकी निम्म्याहून अधिक अशी वाटेतच विखुरली जावी, असा ईटरचा बेत आहे. लक्ष्यपट्टाजवळचे तापमान मग ५ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या, म्हणजे सुमारे ५८,००० अंशांच्या, खाली येते आणि प्लाझ्मा पृष्ठभागापासून जणू सुटा होतो. वायू जास्त झाला, तर मात्र थंडावा गाभ्यापर्यंत पोहोचतो आणि संमीलनच मंदावते. नायट्रोजनची आणखी एक अडचण म्हणजे तो ट्रिटियमशी संयोग पावून अमोनिया बनवतो.

प्रतिमान बरोबर आहे हे कसे तपासतात?

प्रत्यक्ष यंत्रात मुख्य साधन अवरक्त कॅमेरा. पृष्ठभागाच्या प्रारणावरून तापमान आणि तापमानाच्या काळानुसार होणाऱ्या बदलावरून, समीकरण उलट्या दिशेने सोडवून, किती भार पडला असावा हे काढतात. ऐकायला सोपे वाटणाऱ्या या कामात दोन फसवे खड्डे आहेत. पहिला खड्डा म्हणजे धातूची उत्सर्जकता. चकचकीत टंगस्टन आपल्या तापमानाच्या मानाने फारच कमी प्रारण सोडते, आणि पृष्ठभाग खरबरीत झाला किंवा त्यावर पुटे चढली की हे प्रमाण बदलते. दुसरा खड्डा म्हणजे प्रतिबिंबे: सगळ्या भिंती धातूच्या असल्याने गरम जागेचा उजेड थंड जागेवरून परावर्तित होऊन कॅमेऱ्यात शिरतो आणि नसलेले तापमान दिसते. म्हणून कॅमेऱ्याला काय दिसेल याचेही किरणांचा माग काढणारे स्वतंत्र प्रतिमान करावे लागते. ठोकळ्यांत पुरलेली, तापमान मोजणारी तापयुग्मे आणि पाण्याच्या तापमानवाढीवरून काढलेली एकूण उष्णता यांचा ताळा याच्याशी घालतात. पाण्याचा आकडा ओबडधोबड असतो, पण तो खोटे बोलत नाही.

यंत्रात बसवण्याआधी ठोकळ्यांवर इलेक्ट्रॉन झोत सोडून हजारो आवर्तनांची चाचणी घेतात. कादाराशमध्येच असलेल्या वेस्ट या टोकामॅकमध्ये ईटरच्या धाटणीचे टंगस्टन ठोकळे प्रत्यक्ष प्लाझ्मात पारखले जात आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथे प्लाझ्मा १,३३७ सेकंद टिकला. जर्मनीतील ग्रायफ्सवाल्डच्या वेंडेलश्टाइन ७-एक्स या स्टेलरेटरमध्ये, म्हणजे पिळदार चुंबकांच्या संमीलन यंत्रात, पाण्याने थंड होणारा डायव्हर्टर बसवल्यानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये ८ मिनिटांत १.३ गिगाज्यूल ऊर्जा वाहून नेली गेली. अशा दीर्घ प्रयोगांमुळे सेकंदांत स्थिरावणारे ठोकळे आणि मिनिटांनी तापत जाणारे आजूबाजूचे भाग यांचा एकत्र अभ्यास करता येतो.

न्यूट्रॉनमुळे येणारी उष्णता कशी मोजतात?

ती पृष्ठभागावर नव्हे, तर पदार्थाच्या संपूर्ण घनफळात निर्माण होते. न्यूट्रॉनचा प्रवास मॉन्टे कार्लो पद्धतीने काढून प्रत्येक घनसेंटिमीटरमध्ये किती वॅट जमा झाले याचा नकाशा तयार करतात आणि तो उष्णतावहनाच्या गणनेत आतील उगम म्हणून घालतात. दोन्ही गणनांच्या जाळ्या वेगळ्या असल्याने एकीवरचे आकडे दुसरीवर उतरवताना एकूण बेरीज कायम राहते की नाही, हे पाहणे कंटाळवाणे पण अत्यावश्यक काम आहे. ईटरमध्ये या उष्णतेपासून वीज बनवली जाणार नाही. ती शीतकरण मनोऱ्यांतून हवेत सोडली जाईल.

त्याच यंत्रात उणे २६९ अंशांचे चुंबक कसे थंड राहतात?

१५ कोटी अंशांपासून काही मीटरांवर अतिसंवाहक (अतिथंड स्थितीत विद्युतरोध नसलेले) चुंबक ४.५ केल्व्हिनला ठेवायचे असतात. इथे १ वॅट उष्णता उपसायला आदर्श यंत्रालाही सुमारे ६६ वॅट लागतात आणि खऱ्या यंत्राला त्याच्या काही पट. म्हणून वॅटावॅटाचा हिशोब ठेवतात.

निर्वातात उष्णता मुख्यतः प्रारणाने जाते आणि प्रारण केल्व्हिन तापमानाच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. चुंबकांभोवती ८० केल्व्हिनला ठेवलेले कवच उभे केले, की ३०० केल्व्हिनच्या भिंतीच्या तुलनेत चुंबकांकडे जाणारे प्रारण जवळजवळ २०० पट घटते. कवचावर चांदीचा मुलामा देतात, कारण चांदीची उत्सर्जकता अत्यल्प असते. या मुलाम्याने एक धडाही शिकवला. प्रक्रियेत मागे राहिलेल्या क्लोराइडमुळे कवचाला जोडलेल्या शीतनलिकांना ताण-गंजाच्या भेगा पडल्याचे २०२२ मध्ये जाहीर झाले आणि सुमारे २३ किलोमीटर नलिका बदलण्याची वेळ आली. उष्णतेच्या गणितात दोष नव्हता, पण गणितात रसायनशास्त्र कुणी धरले नव्हते.

यात भारताचा वाटा काय?

१९५५ मध्ये जिनिव्हात भरलेल्या अणुऊर्जेच्या शांततामय उपयोगावरील परिषदेचे अध्यक्ष होमी भाभा होते. पुढील दोन दशकांत संमीलन ऊर्जा नियंत्रितपणे मिळवण्याची पद्धत सापडेल, असे भाकीत मुंबईच्या या शास्त्रज्ञाने तिथे जाहीरपणे केले होते. ते खरे ठरले नाही. त्याचे एक कारण तरी वरील उत्तरांवरून लक्षात यावे.

आज गांधीनगरजवळील भाट येथील प्लाझ्मा संशोधन संस्थेत आदित्य आणि अतिसंवाहक चुंबकांचा एसएसटी-१ हे टोकामॅक आहेत. आदित्य १९८९ पासून. ईटरचे बाह्य निर्वात कवच, क्रायोस्टॅट, भारताने दिले आहे. २९ मीटर उंच, तितकेच रुंद आणि ३,८५० टन वजनाचे हे कवच लार्सन अँड टुब्रोच्या हजिरा येथील कारखान्यात भागाभागाने घडवून फ्रान्समध्ये जोडण्यात आले. ईटरच्या शीतजल यंत्रणेचा आणि अतिशीत वाहिन्यांचा मोठा भागही भारताकडून जातो.

विद्यार्थ्याला सुरुवात कुठून करता येईल?

महागड्या सॉफ्टवेअरची गरज नाही. ६ मिलिमीटर जाडीची टंगस्टनची पट्टी घ्यावी, तिचे २४ समान तुकडे करावेत, मागची बाजू ३०० अंशांना बांधावी आणि पुढून दर चौरस मीटरला १० मेगावॅट भार द्यावा. घनता १९,३००, विशिष्ट उष्मा १४० आणि वाहकता ११० ही एसआय मूल्ये सुरुवातीला पुरतात. कालपायरी ०.७ मिलिसेकंदापेक्षा मोठी घेऊ नये, नाहीतर साध्या पुढे सरकणाऱ्या पद्धतीत उत्तरे हेलकावे खाऊ लागतात. दोनेक सेकंदांत पृष्ठभाग ८४५ अंशांवर स्थिरावताना दिसेल. तसे झाले नाही, तर चूक आपल्या प्रोग्रॅममध्ये आहे. झाले, तर वाहकता तापमानानुसार बदलू द्यावी आणि पृष्ठभागाचा आकडा किती सरकतो ते पाहावे. त्यानंतर मागच्या बाजूचे ३०० अंश आपण कुठून आणले, हा प्रश्न स्वतःला विचारून नळी आणि पाणी प्रतिमानात आणावेत.